कोलंबिया ते एकोडी, मार्गे बाबूलालचं तणस

एकोडीच्या गिरणीवर विचाराल तर मालनबाई टेंभुर्णेनं अमेरिकेचा अजगर पाळला होता. “पाळला म्हणजे काय, पोटच्या पोरावानी पाळला!” गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगतो. बसथांब्यावर हाच अजगर दोन हात लांब होतो आणि रोज एक कोंबडी खातो. हापशीवर तो मालनबाईच्या पायाशी निजतो आणि तिच्या सपनात येऊन गुप्तधनाची जागा सांगतो, तीही इंग्रजीत. गोष्ट साकोलीला पोचेतो त्याला दुसरं तोंड फुटलेलं असतं.

यातलं एक अक्षर खरं नाही. मालनबाईनं साप पाळणं दूरच, ‘साप’ हा शब्दही तिच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेला नाही. ती ‘ते’ म्हणते. “काल धानाच्या बांधीत ते निघालं.” वाटेत दोरी पडली असली तर ती दोरीला वळसा घालून जाते. पोराचा बेल्ट खुंटीवर लोंबत असला तर आधी कंदील वर करून पाहते, मग बेल्ट आहे हे पटूनही त्या भिंतीकडे पाठ करत नाही. सायकलची फाटकी ट्यूब दारात टाकली म्हणून शेजाऱ्यांशी तिचा आठ दिवस अबोला होता.

पण गोष्ट खोटी असली तरी तिच्यातला साप खरा आहे, आणि तो अमेरिकेकडचा होता हेही खरं.

मालनबाई मूळची करडीची. आठ वर्षांची असताना ती आणि धाकटी बहीण तुळसा एकाच चटईवर निजायच्या. पावसाळ्यातल्या एका सकाळी तुळसा पोट धरून रडत उठली. पोरीनं कच्च्या काकड्या खाल्ल्या असतील म्हणून आईनं ओवा दिला, वीट तापवून पोट शेकलं. शेजारणींनी नजर काढली. दुपारी पोरीच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. “मले झोप येऊन राहिली,” ती म्हणाली, आणि सगळ्यांना वाटलं, चला, आराम पडला. संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी चटई उचलली तेव्हा खाली ते होतं. काळं, करंगळीएवढं, अंगावर पांढऱ्या रेघा. निवांत निजलेलं. आदल्या दिवसभरात घरात वीस माणसं येऊन गेली होती. चटई उचलून पाहावी असं त्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मालनबाईला एक सवय लागली. जिथं हात घालायचा तिथं आधी तीनदा वाजवायचं. ठक, ठक, ठक. म्हणजे, मी येऊन राहिली, तू आपल्या वाटेनं जा. आणि एक नजर आली. माणसं भीतीनं डोळे मिटतात. हिचे भीतीनं उघडले ते उघडेच राहिले. वनविभागाच्या रोपवाटिकेत ती वीस वर्षं रोजंदारीवर आहे. पिशव्या भरणं, रोपांना पाणी देणं, गवत काढणं. हातात कायम बांबूची काडी. शेतात अजगर निघाला की पकडून आधी रोपवाटिकेच्या खोलीतच आणून ठेवतात, त्यामुळे दाराच्या फटीतून, दहा हातांवरून, थरथरत, तिनं इतके अजगर नीट पाहिले आहेत की पकडणाऱ्यांनीही पाहिले नसतील. एकेकाचे ठिपके तिला पाठ. नवरा कोरोनात गेला. मागे एकच पोरगा, संघपाल, चोवीस वर्षांचा. तो हैदराबादला एका दुकानात कामाला होता; मासे, पोपट, असली शौकाची जनावरं विकणारं दुकान. दिवाळीला तो एक मोठी बॅग घेऊन घरी आला आणि परत गेलाच नाही. दुकान बंद पडलं, एवढंच म्हणाला.

गेल्या डिसेंबरात धानाची मळणी आटोपली होती. म्हातारे बाबूलालभाऊ आपल्या बांधीतला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग जावयाच्या म्हशींसाठी ट्रॅक्टरवर भरून देत होते. अर्धा ढीग उपसला आणि आतून पाच हातांचं वेटोळं निघालं. बाबूलालभाऊंनी अशी आरोळी ठोकली की ती म्हणे तलावापलीकडे ऐकू गेली. वनरक्षक चंद्रकुमार साहेब फटफटीवर आले. या साहेबांचं एक आहे, कुठलंही वाक्य ते ‘असं आहे ते’ म्हटल्याशिवाय संपवत नाहीत, जणू वाक्यावर शिक्का मारतात.

“अजगर आहे. बिनविषारी. घाबरू नका, असं आहे ते.”

आता आमच्याकडे अजगर निघाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. साहेब त्याला गळ्यात घालतात. दोन्ही बाजूंना गावची मोठी माणसं उभी राहतात. फोटो निघतो. सांजेपर्यंत अजगर नागझिऱ्याच्या जंगलात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अजगराला जीवदान’. फोटो काढायचं काम मालनबाईचं. बाकीचे जवळून काढतात तेव्हा फोटोत नुसतं पोट येतं. ती वीस पावलांवरून काढते, म्हणून सगळंच्या सगळं येतं.

त्या दिवशीही ती वीस पावलांवर उभी राहिली. हात थरथरू नये म्हणून कोपर झाडाला टेकवलं. बोटांनी चित्र मोठं केलं, डोकं दिसेतो. आणि तिथंच थांबली.

“साहेब, हे आपलं नोहे.”

“आपलं कसं राहीन? सरकारचं आहे. वन्यप्राणी सरकारचा असतो, असं आहे ते. तुम्ही फोटो काढा.”

“तसं नाही जी. इकडचं नोहे. आपल्याच्या ओठावर खड्डे रायतात, टाचणीनं टोचल्यावानी. याचा ओठ पाहा कसा साफ आहे. आपल्याच्या डोक्यावर भाल्याचं पातं रायते. याच्या डोक्यावर नुसती एक रेघ आहे, मधातून, भांग पाडल्यावानी. अन् शेपूट पाहा न साहेब. लाल. भाजल्या विटेवानी.”

साहेबांचं फोटोतलं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. गळ्यातल्या सापाकडे न पाहता त्यांनी हळूच विचारलं, “मंग... इषारी आहे का?”

“ते मले नाही मालूम. आपलं नोहे, एवढं मालूम.”

सगळ्यांनी ओठ पाहिला, शेपूट पाहिलं आणि वा वा केलं. मालनबाईला जरा बरं वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्या भित्रेपणाची तारीफ केली होती. तिनं पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं, आणि चित्राच्या कडेला गर्दीत तिला संघपालचा चेहरा दिसला. सगळ्यांचे डोळे सापाकडे, याचे एकट्याचे तिच्याकडे. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

तिनं मोबाइल खाली घेतला.

दोन दिवसांनी नागपूरहून डॉक्टर मोना मॅडम आल्या. बोलणं असं, की मराठी वाक्यात इंग्रजी शब्द उडी मारून बसायचे, आणि मॅडम त्यांना हाकलायच्या नाहीत. हा बोआ, त्या म्हणाल्या. राहणार दक्षिण आणि मध्य अमेरिकेचा. पण हा स्वतः तिथून आला नसणार. याचे पणजोबा कधीतरी जहाजातून आले असतील; हा पिंजऱ्यात जन्मलेला आहे, माणसाळलेला आहे. त्यांनी कापसाची काडी सापाच्या तोंडात फिरवली आणि एका नळीत बंद केली. कात टाकली की तीही पाठवा म्हणाल्या.

“याच्यातून काय समजते जी?” मालनबाईनं दाराबाहेरून विचारलं.

“सगळं समजतं मावशी. याची आई कुठल्या देशातली, बाप कुठला, कोणत्या जातींचं मिक्सिंग. थुंकीतल्या डीएनएत सगळं लिहिलेलं असतं. आपल्याला फक्त वाचता आलं पाहिजे.”

पुढचा प्रश्न मालनबाईच्या ओठावर आला होता: ज्यानं याले हात लावला, त्याचंही लिहिलेलं रायते का? तिनं तो गिळला.

चंद्रकुमार साहेबांनी कायदा सांगितला. असला विदेशी प्राणी ठेवायचा तर सरकारदरबारी नोंद पाहिजे. नोंद नसली तर गुन्हा. “तीन वर्षं आत जाऊ शकते माणूस, असं आहे ते.” अहवाल यायला महिना. नागपूरच्या वन्यप्राणी केंद्रात जागा रिकामी होईपर्यंत साप इथंच राहील. रोपवाटिकेच्या खोलीत मोठं टोपलं, वर जाळी, शंभरचा बल्ब. आणि खोलीची चाबी वीस वर्षांपासून ज्या बाईच्या कमरेला, त्याच बाईनं सकाळ-दुपार-सांज जाऊन पाहायचं: बल्ब सुरू आहे का, पाणी आहे का, जनावर जित्तं आहे का.

“साहेब, मी मरीन,” मालनबाई म्हणाली.

“तुम्ही मेल्या तर चालते, साप मरू नये. पुरावा आहे तो, असं आहे ते.”

महिनाभर ती मेली नाही, पण अर्धी झाली. सकाळी दारावर ठक, ठक, ठक. मग कडी. मग एक पाय आत, एक बाहेर. बल्बच्या पिवळ्या उजेडात ते पडलेलं. पापणी नसलेला डोळा, तिच्याकडे आहे की भिंतीकडे ते कळत नसे. पाणी घालायची तिची रीत म्हणजे लांब पाइपनं दारातूनच धार सोडायची. अर्धं भांड्यात, अर्धं भिंतीवर. घरी आली की ती हात तीनदा धुवायची. हातही लावला नव्हता, तरी.

पहिल्याच आठवड्यात तिची एक पैजही लागली. शेजारची एक पोट्टी कुंपणाशी उभी राहून तिच्या पाणी घालण्याची हुबेहूब नक्कल करत होती, एक पाय आत, एक बाहेर. बाया हसून हसून लोळत होत्या. “हासा,” मालनबाई म्हणाली. “हात लावाची पाळी आली त मी मरीनच.” त्यावर पोट्टीनं पैज मारली: “मावशी, तुम्ही ज्या दिवशी त्याले हात लावाल, त्या दिवसापासून तुमची नक्कल बंद. जल्मभर.” मालनबाईनं नुसतं पाहिलं, आणि “लागली,” म्हणाली. ती पोट्टी मी. पैज खिशातच पडली असं मी धरून चालले. पैजेचं नंतर.

कारण तिला खरी भीती खोलीतल्या सापाची नव्हतीच आता. ती भीती घरात, ताटासमोर बसलेली होती आणि जेवत नव्हती.

“आई, त्याच्या पाण्याचं भांडं मोठं कर,” एका सकाळी संघपाल म्हणाला. “कात टाकाच्या आधी त्याले पाण्यात बसाव लागते.”

“कात टाकते म्हून तुले कोण सांगितलं?”

“असंच. टाकन दोनचार दिवसांत.”

दोन दिवसांनी सापाचे डोळे निळसर, धुरकट झाले. पाचव्या दिवशी त्यानं नाकापासून शेपटीपर्यंत अखंड कात टाकली. मालनबाईनं ती चिमट्यानं उचलून पाकिटात घातली, आणि तिला वाटलं, आपण आपल्या पोराचाच कागद भरून पाठवून राहिलो.

त्यानंतरची एक दुपार. जेवायच्या सुटीत बाया जांभळीखाली बसल्या होत्या. मालनबाईचा हात कमरेला गेला तर चाबी नाही. ती काडी टाकून तशीच खोलीकडे गेली. दार लोटलेलं. तिनं फटीतून पाहिलं. वीस वर्षं ती याच फटीतून पाहत आली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. संघपाल टोपल्यापाशी उकिडवा बसलेला. बाही वर सारलेली. आणि ते त्याच्या हातावरून, खांद्यावरून, मानेमागून हळूहळू फिरत होतं, घरच्या वाटेनं फिरावं तसं. तो त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता, हैदराबादच्या हिंदीत. “ठंड लग रही क्या रे... बस, थोडे दिन.”

ती दाराला टेकून खाली बसली. डोळ्यांसमोर तुळसाची चटई होती.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

“कोणाचं आहे ते?”

“आई...”

“कोणाचं आहे, विचारून राहिली मी.”

संघपालनं सांगितलं. दुकानाच्या शेटकडे सहा होते. कायद्यानं नोंद करा म्हणून फर्मान आलं तेव्हा शेटनं पाच विकून टाकले आणि सहावा याच्या हातात दिला. जा, नाल्यात फेकून ये. “मी नाल्यापरंत गेलो, आई. पिशवी उघडली. त्यानं जीभ काढून पाहिलं. मले नाही फेकता आलं.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“तुले?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं, रडल्यासारखं. “आई, तू बेल्टले भेतेस.”

“दिवाळीपासून कुठं होतं ते?”

“पेटीत.”

“कोणत्या पेटीत?”

संघपालची नजर तिच्या खाटेखाली गेली आणि तिथंच राहिली. लग्नातली पत्र्याची पेटी, आता पोराच्या कपड्यांची. तिला भोकं पाडलेली तिनं पाहिली होती. पोरानं कपड्यांना हवा लागावी म्हणून पाडली असतील, असं तिला वाटलं होतं. ज्या बाईनं चुलीची लाकडंसुद्धा कधी वाजवल्याशिवाय उचलली नाहीत, तिनं ती पेटी एकदाही वाजवली नव्हती. पोराची म्हणून. एकवीस रात्री ती त्याच्यावर निजली होती.

ती ओरडेल असं संघपालला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं पाय हळूच खाटेवर घेतले आणि गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली.

“थंडी पडली त ते लुस्त पडाले लागलं,” तो सांगत राहिला. “तणस आतून गरम रायते. बाबूलालकाकानं बैल विकले, मले वाटलं आता तणस कोण काढते होळीपरंत. तवर कायतरी करू.” आणि मग: “तू नसती बोलली त त्यायनं आपला अजगर समजून सोडून देला असता. जंगलात त्याच्यामागं जाऊन मी धरून आणला असता. तू बोलली, आई.”

हे तिला माहीत होतं. महिनाभर रोज सकाळी कडी काढताना हेच तिच्या कानात वाजत होतं.

जानेवारीत अहवाल आला. मोना मॅडम स्वतः घेऊन आल्या. चंद्रकुमार साहेब, बाबूलालभाऊ, दोन मजूर बाया आणि दाराशी मालनबाई. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, आईकडून याचं मूळ कोलंबियाकडचं निघालं. बापाकडून मध्य अमेरिका, आणि तिथंही दोन-तीन ठिकाणची भेळ. म्हणजे चार-पाच पिढ्या पिंजऱ्यातच जोड्या लावल्या आहेत, कोणत्या जंगलाचा कोण ते न पाहता. “त्यामुळे याला परत पाठवायला जगात एकही जंगल नाही. जिथं सोडाल तिथं परका. आणि आपल्या जंगलात सोडला असता तर थंडीनं मेला असता, नाहीतर आपल्या अजगरांना याचे रोग लागले असते. मावशी, तुमच्या डोळ्यांनी वाचवलं.”

“अन् कोलंबियाहून एकोडीले कसा आला?” साहेबांनी विचारलं.

“ते डीएनएत नसतं. डीएनए जन्मापर्यंतचं सांगतो. पुढचं माणसांना विचारायचं.”

मालनबाईच्या दातांतून पदर सुटला. कागदात पोराचं नाव नव्हतं. कोणत्याच नळीत नव्हतं. महिन्याभरानं तिनं पोटभर श्वास घेतला, आणि तो बाहेर सोडायच्या आतच चंद्रकुमार साहेब म्हणाले,

“मंग बाबूलाल, उद्या साकोलीले या बयानाले. ज्याच्या तणसात, त्याचा. कोणावर तरी गुन्हा दाखल करावा लागते, असं आहे ते.”

“माह्यावर?” बाबूलालभाऊ उठून उभे राहिले. धोतराचा सोगा सुटला तरी त्यांना भान नव्हतं. “साहेब, मी जल्मात नागपूरच्या पुढं गेलो नाही. अन् तुम्ही म्हणता तुह्या तणसात कोलंबिया निघालं! मले हे गाव कोणत्या तालुक्यात येते तेही नाही मालूम!”

बाया हसल्या. साहेबही हसले. बाबूलालभाऊंचे हात मात्र पानझडीतल्या पानासारखे हलत होते, आणि दाराशी उभ्या असलेल्या एका बाईशिवाय ते कोणाला दिसले नाहीत. भीती कशी दिसते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. गप्प बसलं तर झालं. मॅडमची मशीन बोलत नाही, पोरगा बोलत नाही, आपण बोलायचं नाही. म्हाताऱ्याला दोन-चार चकरा पडतील. त्याच्यावर काय सिद्ध होणार? असं स्वतःला सांगत ती बसली, आणि दर वेळी तिला करडीचं घर दिसायचं. ओवा देणाऱ्या बाया, वीट तापवणारी आई, वीस माणसं. सगळ्यांना कळवळा. चटईखाली काय आहे हे मात्र कोणीच पाहत नव्हतं.

“संघपाल,” ती म्हणाली, “उद्या बाबूलालभाऊचं बयान आहे. त्याच्या आधी तुह्यं.”

“आई, तीन वर्षं म्हणते तो.”

“मालूम आहे.”

“तुले भेव नाही लागत?”

“लागते न. पहा.” तिनं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. “हे आजचं नोहे. हे आठव्या वर्षापासूनचं आहे. यालेच संगं घेऊन चालते मी.”

सकाळच्या पहिल्या बसनं मायलेक साकोलीला गेले. वनविभागाच्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या टेबलावर तिनं बोटानं वाजवलं, ठक, ठक, ठक. साहेबांनी मान वर केली.

“जयभीम साहेब. कोलंबियापासून जल्मापरंतचं मॅडमच्या मशीननं सांगितलं. तिथून एकोडीपरंतचं माहा पोरगा सांगते. लिहून घ्या.”

संघपालनं सगळं सांगितलं. शेटचं नाव, दुकानाचा पत्ता, पाच साप कोणाला गेले ते. लिहिणाऱ्याला दोनदा पेन बदलावा लागला. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. बाबूलालभाऊ दारातूनच परत गेले. जाताना त्यांनी मालनबाईकडे पाहिलं आणि हात जोडले. जातमुचलक्यावर पोरगा घरी आला. निकाल अजून लागायचा आहे. तारीख आली की दोघं सकाळच्या बसनं जातात. खिडकीजवळ पोरगा बसतो, आणि मालनबाई साकोली येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसते.

राहिला साप. फेब्रुवारीत नागपूरच्या केंद्रात जागा झाली. मॅडम येऊ शकल्या नाहीत. गाडी आली, ड्रायव्हर आला आणि एक पत्र. ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन चालूच ठेवलं होतं. खोली उघडली तर टोपलं रिकामं. जाळी सरकलेली. ते खिडकीच्या गजांना दोन वेढे घालून वर बसलं होतं.

“साहेब, घ्या उतरवून,” ड्रायव्हर म्हणाला. “मी फक्त गाडीचा माणूस आहे.”

“मी अजगराचा माणूस आहे,” चंद्रकुमार साहेब एक पाऊल मागे सरकून म्हणाले. “परदेशी मामल्यात मी हात घालत नाही, असं आहे ते.”

दोन महिन्यांपूर्वी याच गळ्यात ते हारासारखं रुळत होतं. तेव्हा ते देशी होतं.

संघपालला आत सोडता येत नव्हतं. आरोपीनं पुराव्याला हात लावायचा नाही. तो तारेच्या कुंपणाबाहेर, खिडकीच्या बरोब्बर समोर उभा होता, मुठीत तार धरून. इंजिन घरघरत होतं. ड्रायव्हर म्हणाला, नाही तर काठीनं पाडू. संघपालच्या तोंडून “नको!” निघालं, आणि मालनबाईनं कमरेला पदर खोचला.

ती आत गेली. दोन्ही पाय आत.

खिडकीच्या चौकटीवर तिनं वाजवलं. ठक. ठक. ठक. तिसऱ्यांदा बोट उचलायला तिला फार वेळ लागला. मानेवरून घाम ओघळत होता, फेब्रुवारीतल्या सकाळी.

“आई, डोकं नको धरू,” कुंपणाबाहेरून आवाज आला. “मधातून धर. दोन्ही हातांनं. खालून.”

तिचे हात वर गेले, अर्ध्यात थांबले, परत खाली आले. पुन्हा वर गेले.

“ओढू नको. हात तसेच ठेव. ते आपोआप येते.”

तिनं हात ठेवले. डोळे मिटले नाहीत. आयुष्यभर जे मिटले नाहीत ते आता काय मिटतील. ते थंड असेल असं तिला वाटलं होतं. बल्बपाशी राहून ते कोमट होतं, झोपेतून उठलेल्या लेकरासारखं. एक वेढा सुटला. मग दुसरा. पाच हातांचं वजन सावकाश गजांवरून निघून तिच्या हातांवर, कोपरांवर आलं. जीभ बाहेर आली, तिच्या मनगटाजवळ हलली, आत गेली. मालनबाईचे ओठ हलत होते. “जाय,” ती पुटपुटत होती. “जाय बापा. तुले गाव नाही म्हणतात. जाय.”

सात पावलं. तिनं ते केंद्राच्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मग मातीतच बसली. दातावर दात वाजत होते. संघपाल कुंपणाची तार धरून रडत होता. चंद्रकुमार साहेबांनी फोटो काढला, पण हात हलल्यामुळे त्यात नुसता धूर आला आहे.

पाणी घेऊन मी तिच्याजवळ गेले. तांब्या तोंडाला लावून तिनं घटघट अर्धा संपवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“खुशबू. आठवते का?”

“काय मावशी?” मी म्हटलं, जरा उशिरानं.

“हारली तू.”

हरले. गिरणीवाल्याची करते, साहेबांची करते, मॅडमची तर लोक मागून मागून करून घेतात. पण मालनबाईची नक्कल माझ्या गळ्यातून त्या दिवसापासून बंद आहे. लिहायची बंदी पैजेत नव्हती, म्हणून हे लिहिलं आणि आधी तिलाच नेऊन दिलं. हातात घेण्याआधी तिनं वहीवर तीनदा वाजवलं. मग शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “बराबर आहे. पण मोठ्यानं वाचजो नको कोणापाशी. पैज ते पैज.”